एचआरव्ही मोजायचं तर नाडीवरून की छातीच्या पट्ट्यावरून?

घड्याळ घ्यावं, अंगठी घ्यावी, छातीला पट्टा बांधावा, की मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवलं तरी भागेल? एचआरव्ही (हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, म्हणजे हृदयाच्या लागोपाठच्या ठोक्यांमधल्या अंतरांत होणारे बारीक बदल) नियमित मोजायची ठरवली की हा प्रश्न पडतोच. माझं मत आधीच सांगते. झोपेत किंवा अगदी निवांत पडून मोजणार असाल, तर नाडीवरून मोजणारं चांगलं उपकरण (घड्याळ किंवा अंगठी) पुरतं. उभं राहून, व्यायामाच्या आगेमागे किंवा श्वासाचे प्रयोग करताना मोजायचं असेल, तर पट्टाच घ्या. असं का, ते कळायला आधी नेमकं काय मोजतो ते बघू.

हृदयाचे ठोके मिनिटाला ६० पडत असले, तरी ते दर सेकंदाला एक असे मोजून मापून पडत नाहीत. समजा, लागोपाठच्या ठोक्यांमधली अंतरं ९६०, १०१०, ९८५ आणि १०४० मिलिसेकंद आहेत. शेजारच्या दोन अंतरांमधले फरक ५०, २५ आणि ५५. त्यांचे वर्ग करायचे, सरासरी काढायची आणि वर्गमूळ घ्यायचं: उत्तर येतं साधारण ४५ मिलिसेकंद. ॲपमध्ये दिसणारा आरएमएसएसडी तो हाच. श्वास घेताना ठोके जरा जलद पडतात, सोडताना संथ होतात. ही चढउतार मुख्यतः व्हेगस नर्व्ह (मेंदूकडून हृदयाकडे येणारा, ठोके संथ करणारा मज्जातंतू) घडवते आणि आरएमएसएसडीमध्ये तीच उमटते. थोडक्यात, आपल्याला काही मिलिसेकंदांचे फरक पकडायचे असतात. उपकरणांची सगळी परीक्षा इथेच होते.

छातीचा पट्टा हृदयाचा विद्युत संकेत पकडतो. ईसीजीतलं आर हे टोक सुईसारखं अणकुचीदार असतं, त्यामुळे ते नेमकं कधी आलं हे सांगणं सोपं जातं. घड्याळ, अंगठी आणि बोटाचा चिमटा त्वचेवर प्रकाश टाकतात आणि किती प्रकाश परत आला किंवा आरपार गेला ते मोजतात. ठोक्यागणिक रक्त येतं, प्रकाश जास्त शोषला जातो आणि एक लाट तयार होते. या लाटेचा माथा गोलसर टेकडीसारखा असतो. टेकडीचा सर्वांत उंच बिंदू अमुकच, असं मिलिसेकंदापर्यंत सांगायचं कसं? म्हणून चांगली प्रणाली माथ्याच्या मागे न लागता लाटेचा पायथा किंवा तिची सर्वांत तीव्र चढण धरते.

पण लाट अगदी अचूक पकडली, तरी एक फरक उरतोच आणि तो उपकरणाचा दोष नाही. विद्युत संकेत निघाल्यावर हृदय आकुंचन पावतं, झडप उघडते आणि मग दाबाची लाट धमन्यांतून बोटापर्यंत पोचते. हा प्रवास दर ठोक्याला सारख्याच वेळेत होत नाही. श्वासाबरोबर आणि रक्तदाबाबरोबर तो थोडा मागेपुढे होतो. नाडीवरून काढलेल्या अंतरांत ही जादाची चढउतार मिसळते, म्हणून तिथे ठोक्याठोक्यातला फरक अनेकदा खऱ्यापेक्षा थोडा मोठा दिसतो. संशोधक या मापाला एचआरव्ही न म्हणता ‘पल्स रेट व्हेरिएबिलिटी’ हे वेगळं नाव देतात, ते मला रास्त वाटतं. आडवं पडल्यावर दोन्ही मापं बरीच जवळ येतात. उभं राहिल्यावर, मानसिक ताणात किंवा व्यायामात ती एकमेकांपासून दूर जातात.

मोबाइलचा कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम घेत असेल, तर दोन फ्रेममध्ये ३३ मिलिसेकंद जातात, आणि वरच्या उदाहरणात आपला आरएमएसएसडीच ४५ होता. फ्रेमच्या मधली जागा गणिताने भरून काढता येते आणि चांगली ॲप ते करतात. तरी बोट जोरात दाबलं की रक्तच मागे हटतं, आणि बोटं गार असतील तर लाट क्षीण होते. सवय लागते का, हे पाहायला कॅमेरा ठीक. वर्षभराच्या नोंदींसाठी मी तो निवडणार नाही.

मनगट ही सोयीची जागा, पण संकेताच्या दृष्टीने अवघड. टाइप करताना नुसती बोटं हलली तरी सेन्सरखालचे स्नायुबंध हलतात. घड्याळ सैल असेल तर बाहेरचा प्रकाश आत येतो. गोंदण आणि गडद त्वचा हिरवा प्रकाश जास्त शोषतात, त्यामुळे संकेत कमजोर पडू शकतो. बोटाच्या पेरात रक्तप्रवाह भरपूर असतो, म्हणून नीट बसलेली अंगठी मला रात्रीसाठी मनगटापेक्षा भरवशाची वाटते. झोपेत हालचाल कमी असते, आणि नाडीवर चालणारी उपकरणं सर्वांत चांगली चालतात ती तेव्हाच.

आता चुकीची किंमत किती पडते ते पाहा, कारण विकत घेताना याकडेच दुर्लक्ष होतं. ५ मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये ३०० च्या आसपास ठोके आहेत आणि खरा आरएमएसएसडी ४५ आहे. त्यातला फक्त एक ठोका उपकरणाकडून निसटला. १००० च्या जागी २००० मिलिसेकंदांचं एक अंतर आलं, त्याच्या दोन्ही बाजूंना हजार-हजारचे फरक आले, आणि आरएमएसएसडी जाऊन बसला ९३ च्या घरात. तीनशेत एक चूक आणि आकडा दुप्पट! ॲप मात्र ‘आज तुम्ही छान ताजेतवाने आहात’ असं सांगून मोकळं होईल. वेळेआधी पडलेल्या ठोक्यात हृदय पुरतं भरलेलं नसतं, त्यामुळे त्याची लाट बोटापर्यंत पोचेलच असं नाही. पट्ट्याच्या नोंदीत तोच ठोका एक आखूड आणि त्यामागे एक लांब अंतर असा स्वच्छ दिसतो आणि गाळता येतो. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अगदी अनियमित पडण्याचा विकार) असेल, तर कुठल्याच उपकरणाच्या आकड्यावरून ताण किंवा विश्रांतीचा अर्थ काढू नका. तिथे ईसीजी आणि डॉक्टरच हवेत.

म्हणून माझी पहिली अट अशी: ठोक्यांमधली मूळ अंतरं बाहेर काढता आली पाहिजेत. बहुतेक छातीचे पट्टे ती ब्लूटूथवरून देतात, सेकंदाच्या १०२४ व्या भागाच्या अचूकतेने. अनेक घड्याळं मात्र फक्त तयार आकडा दाखवतात. तोही एकसारखा नसतो: ॲपल वॉच एसडीएनएन (सगळी अंतरं त्यांच्या सरासरीपासून किती विखुरली आहेत, त्याचं माप) देतं, ओरा अंगठी आरएमएसएसडी. ही दोन वेगळी मापं आहेत. घड्याळाचा ५५ आणि मित्राच्या अंगठीचा ४० यांची तुलना होऊच शकत नाही. एसडीएनएन तर रेकॉर्डिंगच्या लांबीनुसारही बदलतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांच्या, १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५० मिलिसेकंदांखालचा एसडीएनएन धोक्याचा ठरला होता, पण ते २४ तासांचं ईसीजी रेकॉर्डिंग होतं. एका मिनिटाच्या आकड्याला ती फूटपट्टी लावून घाबरू नका.

पट्ट्यालाही त्याची दुखणी आहेत. इलेक्ट्रोड ओले केल्याशिवाय तो नीट बोलत नाही, कोरड्या त्वचेवर सुरुवातीची रीडिंग विचित्र येतात, आणि रात्रभर तो बांधून झोपणं कुणालाच सुखाचं नाही. खरेदी करताना एक गोष्ट जरूर तपासा: दंडावर बांधायचे पट्टे बहुधा प्रकाशावर चालतात, म्हणजे तेही नाडीच मोजतात. ‘पट्टा’ या शब्दावर जाऊ नका, आत इलेक्ट्रोड आहेत का ते बघा.

रोज पहाटे उठून काही बांधायचा कंटाळा येणार हे माहीत असेल, तर अंगठी किंवा घड्याळ घ्या आणि फक्त रात्रीचा आकडा बघा. सकाळची ५ मिनिटं देऊ शकत असाल, तर पट्टा घ्या: रोज त्याच स्थितीत, चहा-कॉफीच्या आधी, नेहमीच्या श्वासाने. उपकरण बदललं, तर जुन्या नोंदी नव्याला जोडू नका. दोन-तीन आठवडे दोन्ही बरोबर वापरा आणि नव्या उपकरणाची सरासरी नव्याने बसू द्या.