सगळं दिलं, स्टेपनी नाही दिली: इलेक्ट्रिक एसयूव्ही, नाशिक, काही महिन्यांनंतर

दिंडोरी ओलांडून वणीकडे जाताना मागचं डावं टायर गेलं. पंक्चर नव्हे, फाटलं. रस्त्याचं काम चालू, कडेला खडीचे ढीग, समोरून द्राक्षांच्या क्रेटने भरलेली पिकअप भरधाव आली. गाडी जरा डांबराखाली घेतली आणि परत वर चढवताना डांबराच्या कडेने टायरची बाजू चांगली बोटभर चिरली. स्क्रीनवर त्या चाकातल्या हवेचा आकडा भराभर खाली येत होता. मागून आई म्हणाली, "अरे, मग स्टेपनी काढ ना."

स्टेपनी नाहीये. या गाडीला नसतेच.

गाडीचं नाव लिहीत नाही. ज्यांना आकडे पाठ आहेत ते ओळखतील, आणि हा त्रास एकाच कंपनीचा नाही. साठ युनिटच्या आसपासची बॅटरी, वर काचेचं छत, पुढे दोन स्क्रीन, सीटमधून थंड हवा, गाडीभोवती कॅमेरे. पाच माणसांची सोय आहे आणि पाचव्या चाकाची नाही. मी सातपूरच्या कारखान्यात मेंटेनन्सला आयुष्य काढलं. तिथे ज्या यंत्राचा स्पेअर स्टोअरमध्ये नाही त्या यंत्रावर आम्ही रात्रपाळी लावत नसू. त्यामुळे ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. पुढचा बराच भाग स्टेपनीवरच आहे. ज्यांना फक्त रेंज (एका चार्जमध्ये किती किलोमीटर) हवी त्यांनी मधला कसारा घाटाचा भाग वाचावा.

डिलिव्हरीच्या दिवशी शोरूममधल्या मुलाला विचारलं होतं. तो म्हणाला, "सर, सरकारी नियमच आहे, ईव्हीला स्टेपनी नसते." घरी येऊन नियम काढून वाचला. २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. टायर ट्यूबलेस असतील, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल आणि पंक्चर काढायचं किट दिलं असेल, तर गाडीत जादा चाक नसलं तरी चालेल. बॅटरीला जागा मिळावी हे कारणही तेव्हा दिलं होतं. म्हणजे सूट आहे, सक्ती नाही. कंपनीने सूट घेतली, वजन वाचवलं, खर्च वाचवला आणि त्याला नियम म्हणून विकलं. किंमत मात्र माझ्यासाठी कमी झालेली दिसली नाही.

तर दिंडोरीपुढे किट काढलं. छोटा कॉम्प्रेसर आणि एक बाटली, त्यात पांढरं सीलंट. खिळ्याचं भोक असेल, तेही रस्त्याला टेकणाऱ्या भागात, तर ते बुजवतं. बाजूची भिंत चिरली की काही उपयोग नाही, आणि हे किटवरच चित्र काढून, फुली मारून दाखवलंय. आईला मागून आलेल्या एसटीत बसवून दिलं. तिचं वणीच्या सप्तशृंगी गडावर दर्शन झालं, ट्रॉलीने वर गेली, प्रसाद घेऊन मावशीकडे मुक्कामाला पोहोचली, तोवर मी तिथेच बाभळीच्या सावलीत उभा.

रोडसाइड असिस्टन्सचा फोन लगेच लागला, हे खरं. पण पहिली आली ती हुकाने पुढची चाकं उचलून ओढणारी क्रेन. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की चाकं जमिनीवर फिरत ठेवून ही गाडी ओढायची नाही, फ्लॅटबेडवरच न्यायची. चाकं फिरली की मोटर फिरते आणि फिरती मोटर वीज तयार करते. हे मी क्रेनवाल्याला समजावत होतो. तो बिचारा म्हणाला, "काका, मला फक्त लोकेशन पाठवलंय, गाडी कुठली ते कुणी सांगितलं नाही." तो रिकामा परत गेला. फ्लॅटबेड आली तेव्हा दिवे लागले होते.

खरी गंमत पुढे. टायर नाशिकमध्ये नाही. मुंबई नाका, द्वारका, नाशिक रोड, सगळीकडे फोन झाले. माप ऐकलं की समोरचा म्हणायचा, "मागवून देतो." वीसेक लाखांची गाडी एका रबरासाठी वर्कशॉपच्या आवारात धूळ खात पडली. सर्व्हिस अॅडव्हायझरला म्हटलं, तुमच्या डेमो गाडीचं एक चाक काढून लावा, माझं आलं की परत घ्या. तो हसला. मी विनोद करत नव्हतो. माझ्या जुन्या डिझेल गाडीला हेच झालं असतं तर अर्ध्या तासात चाक बदलून गडावर पोहोचलो असतो आणि टायर सवडीने घेतलं असतं. स्टेपनीचा खरा फायदा हा आहे. ती रस्त्यावर सोडवते, आणि टायर शोधायला दिवसही मिळवून देते.

विम्याचं म्हणाल तर साध्या पॉलिसीत नुसतं टायर गेलं तर काही मिळत नाही. त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायर धरतात, आणि तेही निम्म्या किमतीपर्यंत. टायरचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. ते मी घेतलं नव्हतं, कारण हप्ता बघून आमची ही म्हणाली, एवढ्यात एक टायर येतो.

आता गाडीच्या बाजूने बोलतो, नाहीतर अन्याय होईल.

चालवायला गाडी सुरेख आहे. गंगापूर रोडच्या संध्याकाळच्या गर्दीत पायाला त्रास नाही, आवाज नाही, कंप नाही. ब्रेकला तर हातच लागत नाही म्हणावं इतकं काम रिजनवर होतं, म्हणजे पाय उचलला की मोटरच गाडी हळू करते आणि ती वीज बॅटरीत परत घालते. पावसाळ्यात डिस्कवर गंज दिसतो तो त्यामुळेच. अधूनमधून मुद्दाम ब्रेक दाबून चालवली की जातो, घाबरू नका.

रेंजबद्दल लोक घाटाची भीती घालतात. "कसारा चढताना बॅटरी झरझर उतरते." स्क्रीनवर तसं दिसतंही. पण हिशेब करून बघा. कसारा ते इगतपुरी चढ साधारण ३०० मीटरचा. माणसांसकट गाडी दोन टन धरली तर एवढं वजन तेवढं वर न्यायला दीड ते पावणेदोन युनिट जास्तीचे लागतात. साठ युनिटमधले पावणेदोन. आणि मुंबईकडे जाताना घाट उतरतो तेव्हा त्यातला चांगला हिस्सा परत बॅटरीत येतो. घाट निर्दोष आहे. चोर आहे तो वेग. ८० ऐवजी १२० ने गेलात तर दर किलोमीटरला हवेचा विरोध सव्वादोन पट होतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून सगळे तिकडून १२० ने जातात आणि मग गाडीला नावं ठेवतात. कागदावर पाचशेच्या वर लिहिलेली माझी गाडी शहरात ३८० ते ४०० देते, समृद्धीवर पाय सोडला तर तीनशेच्या आसपास. जुन्या मुंबई-आग्रा रोडने ऐंशी-नव्वदने गेलो तर ठाण्याला जाऊन न थांबता घरी परत येतो, पडघ्याच्या ट्रॅफिकसकट. तिथे चहाला थांबतो ते माझ्यासाठी, गाडीसाठी नाही.

चार्जिंगमध्ये मात्र मी माझं डोकं चालवलंय आणि त्याचा मला अभिमान आहे. सगळे सांगतात रात्री लावा. मी दुपारी लावतो. छतावर तीन किलोवॉटचं सोलर आहे, सूर्यघर योजनेतून केलेलं, ७८,००० अनुदान मिळालं. ऊन असेल तर दिवसाला बारा युनिटच्या घरात वीज देतं. शिवाय जुलै २०२५ पासून टीओडी मीटर (वेळेनुसार वेगळा दर लावणारा) असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत आहे. म्हणजे स्वस्त वीज दिवसा आहे आणि लोक गाड्या लावतात रात्री!

त्यातही कंपनीने फुकट दिलेला ७.२ किलोवॉटचा वॉलबॉक्स मी खोक्यातच ठेवलाय. तो लावायचा तर मंजूर भार वाढवा, जाड केबल ओढा, आणि तो सोलर देईल त्याच्या दुपटीहून जास्त ओढणार. सोबत आलेला १५ अँपिअरच्या सॉकेटचा हळू चार्जर तीन किलोवॉटच्या आसपास घेतो. छतावर जेवढं बनतं, जवळपास तेवढंच खाली गाडीत जातं. निवृत्त माणसाला घाई कसली? बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिटला वीसच्या वर मोजावे लागतात, वर १८ टक्के जीएसटी. तिथे मी अगदीच नाइलाज असल्याशिवाय जात नाही. पेट्रोलवाल्या शेजाऱ्याशी मी हल्ली या विषयावर बोलत नाही. संबंध बिघडतात.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. मधल्या काळात नाशिकच्याच अंबडला खिळा लागला, आणि किटबद्दलचं मत मला थोडं बदलावं लागतंय.

खिळा टायरच्या मधोमध होता. हवा हळूहळू जात होती, स्क्रीनने वेळेत सांगितलं. बाटली जोडली, कॉम्प्रेसर लायटरच्या सॉकेटला लावला, सीलंट आत गेलं, हवा भरली, जरा पुढे जाऊन पुन्हा दाब बघितला. धरला होता. भर उन्हात जॅक लावणं नाही, नट सोडवणं नाही, कपडे खराब नाहीत. माझ्या वयाच्या माणसाला किंवा रात्री एकट्या बाईला हे स्टेपनीपेक्षा बरं पडेल, हे मान्य. खिळ्यापुरतं किट चांगलं आहे.

पण पुढचं ऐका. पाथर्डी फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याने पहिली गोष्ट केली ती जॅक सरकवला थेट गाडीच्या पोटाखाली. मी ओरडलो. पोटाखाली बॅटरी आहे, तिथे दोन टनांच्या गाडीचा भार टेकवला तर टायर राहील बाजूला. कडेला उंबऱ्याखाली जॅक लावायच्या खुणा असतात, त्या वाकून दाखवल्या. तुमच्याकडेही ईव्ही असेल तर त्या जागा आजच बघून ठेवा, पंक्चरवाल्याला माहीत असतील असं समजू नका. मग त्याने टायर मशीनवर चढवून रिमपासून सोडवलं, तसं आतून ताकासारखं पांढरं पाणी त्याच्या पायावर सांडलं. तो म्हणाला, "काका, हे काय भरून आणलंय? आता हे आधी धुवा, पुसा, वाळवा, मग पॅच बसणार. नुसत्या पंक्चरचे पैसे परवडायचे नाहीत." आत व्हॉल्व्हला चिकटलेला दाबाचा सेन्सर त्याच चिकट पाण्यात बुडालेला. जुन्या कापडाने त्याने तो हळूहळू साफ केला, बारीक भोकात अडकलेलं टाचणीने काढलं. सेन्सर वाचला. वाचला नसता तर तो बिलात वेगळा. बाटली एकदाच वापरायची, तीही नवीन घ्यावी लागली. आणि न वापरताही काही वर्षांनी तिची मुदत संपते, तारीख बाटलीवर असते. किती मालकांनी ती वाचली असेल? स्टेपनीला मुदत नसते असं नाही, रबरही जुनं होतंच, पण तिच्यावर तारीख टळली म्हणून ती ऐनवेळी पाण्यासारखी वाहून जात नाही.

त्या संध्याकाळीच ठरवलं आणि स्टेपनी केली. कंपनीचं पाचवं अलॉय (मिश्रधातूचं चाक) पार्ट म्हणून मागवता येतं, फक्त कुणी आपणहून सांगत नाही. टायर, अलॉय धरून तीस हजारांच्या घरात गेलं. स्वस्तातलं लोखंडी चाक बघत होतो, पण नटांचं अंतर जुळलं तरी ब्रेकच्या कॅलिपरला रिम घासायची शक्यता असते, म्हणून नाद सोडला. सोबत चांगला जॅक आणि पाना घेतला.

ठेवायचं कुठे हा प्रश्न होताच. डिकीच्या तळाशी जागा नाही, पुढच्या बॉनेटखालच्या खणात कॉम्प्रेसर आणि छत्री एवढंच मावतं. डिकीत आडवं टाकलं की बॅगा गेल्या. हिने तोडगा काढला: चाक घरी राहील. वणी, सापुतारा, त्र्यंबक, शिर्डी असेल तर घरीच. अडकलो तर भाचा त्याच्या गाडीतून घेऊन येईल. भाच्याला कुणी विचारलं नाही, पण तो हो म्हणाला. पुणे-मुंबईला जायचं असेल तर चाक दोन पट्ट्यांनी बांधून डिकीत, आणि आमच्या बॅगा मागच्या सीटवर.

बाकी किरकोळ. स्क्रीन कधीकधी अडकते, एक बटण बराच वेळ दाबून धरलं की पुन्हा सुरू होते. सॉफ्टवेअर अपडेटनंतर एसीचं वागणं सुधारलं. पहिल्या सर्व्हिसचं बिल बघून मी खरंच दोनदा बघितलं, इतकं कमी. ऑइल नाही, फिल्टर एकच, धुणं फुकट. टायर मात्र डिझेल गाडीपेक्षा लवकर झिजताना दिसतायत. वजन जास्त आणि पाय ठेवताच मिळणारी ताकद, म्हणून. मी हळू चालवतो तरी. तरुण मुलं सिग्नलला जी मजा करतात त्यांनी टायरचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवावेत.

कंपनीच्या ग्राहक प्रतिनिधीला स्टेपनीबद्दल सविस्तर मेल केलाय. उत्तर आलं की "आपला अभिप्राय संबंधित विभागाकडे पाठवला आहे". मी उलट विचारलंय की डिलिव्हरीच्या वेळी जास्तीचे पैसे घेऊन का होईना, पाचवं चाक पर्याय म्हणून यादीत का ठेवत नाही. त्याचं उत्तर यायचंय. तोवर विम्याचं नूतनीकरण आलंय, आणि या वेळी टायरचं कव्हर घ्यायचं की नाही यावर घरात रोज चर्चा आहे. ही म्हणते, आता स्टेपनी घेतलीये ना, मग परत हप्ता कशाला?