हायड्रोजन आणि ऑक्सिजन: तापमान एकच, चाल वेगळी

२७ अंश सेल्सिअसला दोन्ही वायूंच्या रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा (इकडून तिकडे धावण्याची) सारखीच. ती फक्त तापमानावर ठरते. पण ऑक्सिजनचा रेणू जवळपास सोळापट जड. त्यामुळे त्याचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ४४५ मीटर, हायड्रोजनचा १,७८० च्या आसपास.

मग दाब? सारख्याच डब्यात तेवढेच रेणू कोंडले, तर दोघांचा जवळपास सारखाच! हायड्रोजन भिंतीवर चौपट वेळा आदळतो, ऑक्सिजनचा प्रत्येक धक्का चौपट जोराचा. वायूंचं वागणं रेणूंच्या धावपळीतून समजावणाऱ्या गतिज सिद्धांतातली मला सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते.

वातावरणाच्या वरच्या तापलेल्या थरात मात्र हायड्रोजनचे काही वेगवान अणू सेकंदाला ११.२ किलोमीटरच्या आसपासचा मुक्तिवेग (पृथ्वीच्या ओढीतून सुटायला लागणारा वेग) गाठून अवकाशात निसटतात. जड ऑक्सिजनला तसं सहसा जमत नाही.