विजेचा वैल: स्लो कुकरमधलं चिकन नूडल सूप, सहा महिन्यांनंतर

ऑक्टोबरच्या शेवटी स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं, घेतला. आम्ही मिनेसोटात, सेंट पॉलला राहतो. डिसेंबरात इथे साडेचारलाच सूर्य मावळतो. मी लेकीला शाळेतून घेऊन घरी पोचतो तेव्हा अंधारून आलेलं असतं आणि पारा उणे पंधराच्या आसपास. बायको नर्स आहे, तिची बारा तासांची पाळी संध्याकाळी साडेसातला संपते. अशा वेळी दार उघडल्या उघडल्या गरम सुपाचा वास यावा, एवढ्यासाठीच हा घेतला. आता एप्रिल संपत आलाय. या काळात चिकन नूडल सूप पंचवीसेक वेळा तरी केलं असेल, म्हणून लिहितोय.

आमचा कुकर 6 क्वार्टचा, म्हणजे साडेपाच लिटरच्या थोडा वर. आकार लंबगोल, आत जड चिनीमातीचं भांडं, वर काचेचं झाकण आणि समोर एकच खटका: लो (मंद आच), हाय (जास्त आच), वॉर्म (नुसतं गरम ठेवायला). टायमर नाही. लेबलावर 240 वॅट लिहिलंय, त्यामुळे आठ-नऊ तास चालूनही दोन-सव्वादोन युनिटांच्या वर वीज जात नाही.

आधी नूडल्सबद्दल, कारण पहिल्या खेपेला तिथेच सगळं बिघडलं. चिकन, भाज्या, पाणी आणि एग नूडल्स, सगळं सकाळी एकदमच घातलं. संध्याकाळी झाकण काढलं तर चिकटवायची खळ! चमचा उभा राहील इतकी घट्ट. मैद्याच्या नूडल्सना दहा मिनिटं पुरतात, त्या नऊ तास टिकणार कशा? नंतर शेवटची पंधरा मिनिटं हायवर नूडल्स घालून पाहिल्या. त्या दिवशी छान लागल्या, पण उरलेल्या सुपात रात्रभर फुगून सगळा रस पिऊन बसल्या. आता नूडल्स शेगडीवर वेगळ्या उकडतो, वाडग्यात घेतो आणि वरून सूप ओततो. याला पर्याय नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

चिकनचंही तसंच. इथल्या बहुतेक पाककृतींत ब्रेस्ट सांगतात. आठ-नऊ तासांत त्याचा कापूस होतो, रस्सा चांगला असूनही तोंडात कोरडे धागे येतात. मी हाडांसकट मांड्या घेतो, तीन पौंड, कातडी काढून. एकदा जानेवारीत हिमवादळात रस्त्यावर अडकलो आणि कुकर तब्बल अकरा तास लोवर राहिला. मांस हाडांपासून पूर्ण सुटलं होतं, पण कोरडं नव्हतं. ब्रेस्ट असतं तर ते जेवण वाया गेलं असतं.

माझी रीत आता ठरून गेली आहे. रात्री दोन कांदे बारीक चिरून लोण्यावर गुलाबी परततो आणि डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवतो. कुकरमध्ये पाणी फार तर उकळीपर्यंत जातं, त्यापुढे नाही, त्यामुळे त्यात कांदा शिजतो पण खमंग होत नाही. ही दहा मिनिटं वाचवली तर सुपाला उकडलेल्या भाजीचा वास येतो. सकाळी तळाशी गाजराचे जाड तुकडे आणि सेलरीच्या तीन काड्या, कारण उष्णता तळातून आणि बाजूंनी येते आणि गाजर चिकनपेक्षा उशिरा शिजतं. त्यावर कांदा, चिकन, चार लसूण पाकळ्या, दोन तमालपत्रं, दहा-बारा मिरीदाणे, थोडी थाईम, मीठ आणि आठ कप गरम पाणी. भांडं पाऊण भरलं की थांबायचं. पाणी आटत नाही, त्यामुळे शेगडीच्या अंदाजाने घातलं तर सूप पाणचट होतं. संध्याकाळी हाडं काढून मांस दोन काट्यांनी सोडवायचं, मग अर्ध्या लिंबाचा रस आणि मूठभर बारीक चिरलेला डिल, म्हणजे आपला शेपू. लिंबू आधी घालू नये, त्याचा ताजेपणा मरतो.

झाकण उघडायचं नाही. एकदा उघडलं की गेलेली उष्णता भरून यायला वीस-तीस मिनिटं लागतात. लेकीला हे समजवायला दोन आठवडे गेले. काचेवर वाफेचे थेंब जमून आतलं दिसत नाही आणि तिला बघायचंच असतं.

एक गोष्ट मात्र पोटतिडकीने सांगतो. गोठलेलं चिकन थेट यात टाकू नका. भांडं हळूहळू तापतं, आणि 40 ते 140 अंश फॅरनहाइट या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात. आदल्या रात्री चिकन फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्या आणि संध्याकाळी थर्मामीटरने 165 अंश झाल्याची खात्री करा. तसाच राजमा. भिजवलेला असला तरी थेट लोवर लावू नका. त्यातलं विष मंद आचेवर जात नाही. भिजवलेलं पाणी फेकून, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळून मगच घाला.

मार्चमध्ये आई कागलहून आली. पहिल्या संध्याकाळी मी वाडगा पुढे केला. तिने नूडल्स बाजूला सारल्या, चमचाभर रस घेतला, वरचा पिवळसर तवंग निरखला आणि म्हणाली, "अरे, हे तर आपलं अळणी!" मी चार-पाच महिने हे सूप करत होतो आणि माझ्या डोक्यात हे एकदाही आलं नव्हतं. आमच्याकडे रस्सा करायच्या आधी मटण किंवा कोंबडी हळद-मीठ, आलं-लसूण लावून नुसती शिजवतात. ते पाणी म्हणजे अळणी. तिखट पडायच्या आधी त्यातली वाटी पोरांच्या हातात यायची. दुसऱ्या दिवशी आईने कुकरभोवती एक फेरी मारली, हात लावून बघितला आणि विचारलं, "म्हणजे हा विजेचा वैल की!" चुलीचा जाळ पुढे, आणि शेजारच्या वैलावर दूध नाही तर आमटी तासन्‌तास मंद आचेवर. याहून नेमकं वर्णन मला कुठल्याही माहितीपुस्तकात सापडलं नाही.

या यंत्राचा जन्मही तसाच आहे. अर्व्हिंग नॅक्सन या अमेरिकन ज्यू संशोधकाला 1940 साली याचं पेटंट मिळालं. त्याची आई मूळची लिथुआनियाची. शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी आग पेटवायची नाही, म्हणून चोलंट नावाच्या रश्शाचं भांडं आदल्या संध्याकाळी बेकरीच्या निवत्या भट्टीत रात्रभर ठेवत, ही आठवण तिने लेकाला सांगितली होती. 1970 साली रायव्हल कंपनीने त्याचा उद्योग विकत घेतला आणि पुढच्या वर्षी तेच यंत्र क्रॉक-पॉट या नावाने बाजारात आणलं.

सर्दी-खोकल्यात हे सूप द्यावं का, असं इथे सगळेच विचारतात. 2000 साली नेब्रास्काच्या डॉ. स्टीफन रेनार्ड यांचा एक अभ्यास छापून आला. त्यात चिकन सुपामुळे न्यूट्रोफिल या, सर्दीत सूज आणणाऱ्या पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावली. ते सूप त्यांच्या पत्नीच्या लिथुआनियन आजीच्या पद्धतीचं होतं. बायको मला लगेच बजावते की तो प्रयोग प्रयोगशाळेतल्या पेशींवर होता, माणसांवर नाही. फेब्रुवारीत लेक तापाने फणफणली होती तेव्हा मात्र दोन दिवस तिने दुसरं काहीच तोंडात घेतलं नाही, हे आम्ही दोघांनी पाहिलं.

उरलेलं सूप कुकरमध्येच ठेवू नका. उथळ डब्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये घाला. सकाळी डबा हलवला की आतलं खरवसासारखं थरथरतं. हाडांतलं जिलेटिन उतरल्याची ती खूण. ब्रेस्टच्या सुपाला ही थरथर कधी आली नाही.

तक्रारी दोन. खटका आपोआप वॉर्मवर जात नाही. मी पावणेपाचला घरी येऊन तो फिरवतो आणि बायको आठला जेवते, तोवर सूप वाफाळतं राहतं. पण ज्यांच्या घरी संध्याकाळी लवकर कुणी येत नाही, त्यांनी थोडे जास्त डॉलर मोजून टायमरवालाच घ्यावा. दुसरी तक्रार भांड्याची. फेब्रुवारीत रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलेलं भांडं मी तापलेल्या कुकरमध्ये बसवलं आणि टक्‌ असा आवाज झाला. तळापासून काठापर्यंत केसाएवढी भेग. पुस्तिकेत इशारा होता, तो मी पाळला नाही, ही चूक माझी. पण नवं भांडं नव्या कुकरच्या जवळजवळ निम्म्या किमतीला मिळालं, हे मला पटलेलं नाही.

आईला परत जाताना एक न्यायचा होता. नको म्हणालो. हे 120 व्होल्टचं यंत्र, आपल्याकडच्या 230 वर लावलं की जळणार. तिने सुपाची रीत वहीत उतरवून घेतली, थाईम खोडून तिथे हळद लिहिली, आणि नूडल्सची ओळ कोरी सोडली.