निकेलच्या मुलाम्याखाली पितळ: हंबकरच्या जोडीत झालेली फसवणूक

पुण्यात बनवून घेतलेली एक गिटार. महोगनीची बॉडी, 25.5 इंची स्केल, हार्डटेल ब्रिज, दोन हंबकर, म्हणजे तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे दोन कॉइलचे पिकअप. लाकूडकाम चोख, फ्रेट एका पातळीत, पॉलिशला नाव ठेवायला जागा नाही. ॲम्पला लावली की मात्र जीव नाही. ब्रिजचा पिकअप पातळ आणि पोकळ, नेकचा (मानेकडचा) आवाज गोधडीखालून आल्यासारखा, पुश-पुल नॉब (हंबकरची एकच कॉइल चालू ठेवणारा) ओढला तरी ढिम्म फरक नाही, गेन वाढवला की शिट्टी. पिकअपच्या जोडीचे वेगळे 18,500 रुपये मोजलेले. बिलावर लिहिलं होतं: पीएएफ टाइप (गिब्सन कंपनीच्या जुन्या हंबकरच्या धर्तीचे), अल्निको 2 (मॅग्नेटचा धातू), 42 गेज प्लेन इनॅमल (कॉइलची तार), जर्मन सिल्व्हर (चांदी नसलेला पांढरा मिश्रधातू) कव्हर, फोर कंडक्टर (चार वायरची केबल), नेक 7.6 के, ब्रिज 8.2 के.

पिकअप उघडल्यावर या ओळीतले शेवटचे दोन आकडे तेवढे खरे निघाले. आणि गंमत अशी की गिऱ्हाईक नेमके तेच आकडे बघून पैसे देतो.

के म्हणजे किलोओहम, कॉइलमधल्या तांब्याच्या तारेचा डीसी रेझिस्टन्स. तो वाढला की पिकअप "हॉट", असं सर्रास सांगितलं जातं. तार एकाच जाडीची असेल तर त्यात तथ्य आहे. जाडी बदलली की हा हिशेब कोलमडतो. 42 एडब्ल्यूजी (अमेरिकन गेज) तारेचा रेझिस्टन्स मीटरला साधारण साडेपाच ओहम, 44 ची तार बारीक, तिचा साडेआठच्या आसपास. जुन्या गिब्सनच्या धर्तीच्या हंबकरमध्ये 42 च्या तारेचे एका बॉबिनवर (तार गुंडाळायच्या रिळावर) सुमारे 5,000 वेढे बसतात आणि दोन्ही कॉइल मिळून 8 के भरतात. तेच 8 के 44 च्या तारेने भरायचे तर 3,300-3,400 वेढे पुरतात. तांबं कमी, मशीनवरचा वेळ कमी, मीटरवर आकडा तोच. सिग्नल मात्र वेढ्यांवर ठरतो, ओहमवर नाही. या गिटारच्या पिकअपवरची काळी टेप सोडवली तेव्हा तार बॉबिनच्या कडेपासून इतकी आत होती की मधल्या खाचेत नखाचं टोक सहज जात होतं. 42 च्या तारेने नीट भरलेला बॉबिन असा अर्धपोटी दिसत नाही.

हे न उघडता पकडायचं असेल तर इंडक्टन्स मोजावा. एलसीआर मीटर (इंडक्टन्स हेन्रीमध्ये मोजणारा) 100 किंवा 120 हर्ट्झवर ठेवायचा आणि पिकअपच्या हॉट (सिग्नलच्या) आणि ग्राउंड वायरला लावायचा. इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे वेढ्यांची चोरी इथे लपत नाही. पीएएफ धाटणीचा पिकअप 4 ते 5 हेन्री दाखवतो, जास्त वेढ्यांचे पिकअप 8 पर्यंत जातात. या ब्रिज पिकअपने दाखवले जेमतेम 2. फेंडरच्या साध्या सिंगल कॉइललाही बहुधा याहून जास्त येतात. हातातला एलसीआर मीटर काही हजारांत मिळतो, नाहीतर कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये असतोच. अठरा हजारांच्या मालासाठी तिथवर जाऊन यायला हरकत नसावी.

ओहम मोजतानाही दोन गोष्टी ध्यानात ठेवा, नाहीतर विनाकारण भांडण होईल. तांब्याचा रेझिस्टन्स एका अंश सेल्सियसला 0.39 टक्के वाढतो. वीस अंशांना 8.2 के असलेला पिकअप पुण्याच्या उन्हाळ्यात, पस्तीस अंशांच्या खोलीत, 8.7 के दाखवेल. ती लबाडी नव्हे. दुसरं, गिटारच्या जॅकमधून मोजलं तर व्हॉल्यूम पॉट (नॉबखालचा बदलता रेझिस्टन्स) समांतर येतो, म्हणून पॉट पूर्ण उघडा असला तरी 500 केच्या पॉटबरोबर 8.2 च्या जागी 8.07 दिसतात. पिकअप निवडायचा स्विच मधल्या घरात असेल तर दोन्ही पिकअप समांतर जाऊन आकडा निम्म्यावर येतो. हे बघून "अर्धी कॉइल जळलेली दिली" असं लोक ठासून सांगतात.

इथे आपल्याकडचा एक खास घोटाळा सांगायला हवा. स्थानिक मोटर रिवाइंडिंगवाल्यांकडे तार एसडब्ल्यूजी (ब्रिटिश) गेजने मिळते. पिकअपची सगळी माहिती असते एडब्ल्यूजीमध्ये. 42 एडब्ल्यूजी म्हणजे 0.063 मिमी, 42 एसडब्ल्यूजी म्हणजे 0.10 मिमी. एडब्ल्यूजी 42 च्या जवळ जाणारी एसडब्ल्यूजी तार 46 ची आहे. "42 गेज द्या" म्हणून आणलेल्या तारेने हाताने वाइंड केलेले पिकअप दीड केच्याही खाली भरतात, कारण जाड तारेचे दोनेक हजार वेढे होतात तोवर बॉबिन काठोकाठ. अशा वेळी वाइंडिंग करणारा फसवत नसतो, त्याचीच फसगत झालेली असते. पैसे जातात ते मात्र तुमचे. म्हणून बिलावर नुसतं "42 गेज" चालवून घेऊ नका. एडब्ल्यूजी लिहून घ्या, नाहीतर सरळ मिलीमीटरमध्ये जाडी लिहून घ्या.

आता मॅग्नेट. खालच्या प्लेटचे चार स्क्रू सैल केले की दोन बॉबिनच्या खाली मधोमध सपाट पट्टी दिसते, साधारण 62 मिमी लांब, साडेबारा रुंद, तीन-सव्वातीन जाड. या गिटारमध्ये ती काळी, गुळगुळीत आणि जाड होती. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (वीज वाहिली की बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवून दोन्ही टोकं पट्टीला लावली, बीप नाही. निकाल तिथेच लागला. अल्निको हा धातू आहे, त्यातून वीज वाहते. सिरॅमिक म्हणजे फेराइट, त्यातून वाहत नाही. सिरॅमिक वाईट असतं असं अजिबात नाही, 1972 पासून चालत आलेल्या डिमार्झिओ कंपनीच्या सुपर डिस्टॉर्शन पिकअपमध्ये सिरॅमिकच आहे. पण अल्निकोचे पैसे घेऊन सिरॅमिक देणं ही सरळ चोरी. अल्निको 2 की 5 हे मात्र डोळ्यांनी कळत नाही आणि बीपनेही कळत नाही. गॉसमीटर (चुंबकाची ताकद मोजणारा) लावला तरी मॅग्नेट किती चार्ज केलाय यावर आकडा हलतो. कानाने ओळखून दाखवणारे भेटतात, त्यांना चहा पाजावा आणि विषय बदलावा.

कव्हर काढायचं तर दोन बाजूंचे सोल्डरचे डाग तोडावे लागतात. मग विक्रेता "तुम्ही छेडछाड केली" म्हणून हात वर करतो. त्यामुळे कव्हरचा पिकअप मागवताना कव्हर बसवण्याआधीचे, मॅग्नेट आणि कॉइल दिसतील असे फोटो मागा, किंवा उघडा पिकअप आणि कव्हर वेगवेगळं घ्या. खरं वाइंडिंग करणाऱ्याला असे फोटो काढायला दोन मिनिटं लागतात.

कव्हरच्या आतल्या बाजूला ब्लेडने एक ओरखडा मारला आणि निकेलखालून पिवळा रंग वर आला. पितळ अक्षरशः उघडं पडलं. जर्मन सिल्व्हर असतं तर ओरखडा करडा-पांढरा दिसला असता. हा फरक दिखाव्यापुरता नाही. पितळातून वीज जर्मन सिल्व्हरपेक्षा चौपट किंवा त्याहूनही चांगली वाहते, म्हणून कॉइलच्या डोक्यावर बसलेल्या पितळी टोपीत जास्त एडी करंट (धातूत भोवऱ्यासारखी फिरणारी वीज) फिरतात आणि पिकअपचा वरचा, धारदार आवाज खातात. वरून निकेलचा मुलामा दोन्हींवर सारखाच चमकतो. लोहचुंबकाने एवढंच कळतं की कव्हर लोखंडी आहे का. पितळ आणि जर्मन सिल्व्हर दोन्ही चिकटत नाहीत. ओरखडा आतून मारायचा, पायाच्या कडेला, म्हणजे बाहेरून दिसत नाही.

पुश-पुल का चालत नव्हता ते खालच्या प्लेटजवळ कळलं. केबलमध्ये चार रंगीत वायर आणि एक उघडी होती खरी, पण आत काळी आणि हिरवी तेवढीच जोडलेली. लाल आणि पांढरी टेपखाली कापून सोडून दिलेली. कॉइलच्या मधला जोड बाहेर आलाच नव्हता, तर स्विच कापणार काय? यासाठी काही उघडावं लागत नाही. 8 केच्या पिकअपमध्ये प्रत्येक कॉइल 4 केच्या आसपास हवी. काळी-पांढरी आणि लाल-हिरवी अशा जोड्या मोजा, दोन्हीकडे निम्मा आकडा आला पाहिजे. इथे दोन्हीकडे मीटर कोरा होता.

रंगांबाबत मात्र विक्रेत्यावर तुटून पडण्याआधी कोणाच्या पद्धतीचे रंग आहेत ते बघा. वरच्या जोड्या सेमूर डंकन कंपनीच्या पद्धतीच्या: काळी हॉट, पांढरी-लाल एकत्र, हिरवी ग्राउंडला. डिमार्झिओमध्ये लाल हॉट, काळी-पांढरी एकत्र, हिरवी ग्राउंडला. डंकनचा तक्ता बघून डिमार्झिओचा पिकअप जोडला तर एक कॉइल उलटी लागते, आवाज चिमटल्यासारखा होतो आणि हम (मागची घरघर) कमी होण्याऐवजी वाढतो. पिकअप निर्दोष असतो, चूक जोडणीची. खात्री करायची असेल तर सुई असलेला मीटर एका कॉइलला लावा, पोलवर (तारेखालच्या लोखंडी खुंटीवर) स्क्रूड्रायव्हर ठेवून झटकन उचला आणि सुई कुठे उडते ते बघा. सिरीजमध्ये ज्या क्रमाने जोडायच्या त्याच क्रमाने दोन्ही कॉइल तपासा. सुई दोन्ही वेळा एकाच दिशेला उडायला हवी.

या गिटारमध्ये नेकच्या कोंदट आवाजाला अर्धा जबाबदार गिटार बनवणारा होता. त्याने हंबकरला 250 केचे पॉट लावले होते, ते सिंगल कॉइलसाठी ठीक. हंबकरला 500 के लागतात आणि तेही मोजून, कारण या पॉटमध्ये वीस टक्क्यांचा फरक चालवून घेतलेला असतो. 500 लिहिलेला पॉट 400 चा निघतो. शिट्टीचं कारण वेगळंच: कॉइलमध्ये (वेढे घट्ट धरून ठेवणारं) मेण नव्हतं आणि कव्हर आत सैल वाजत होतं. बिलात मेणाचा उल्लेख नव्हता, त्यामुळे ती फसवणूक म्हणता येत नाही. जुन्या पीएएफमध्येही मेण नसायचं, पण ते आजच्या गेनसाठी बनलेलेच नव्हते. चार भाग पॅराफिन आणि एक भाग मधमाशांचं मेण, पाण्याच्या भांड्यात ठेवून साठ-पासष्ट अंशांवर वितळवायचं आणि बुडबुडे थांबेपर्यंत पिकअप त्यात बुडवून ठेवायचा. थेट गॅसवर नको, बॉबिनचं प्लास्टिक वाकतं.

आणखी एक खूण बाहेरूनच दिसत होती. दोन्ही पिकअपचे पोल कडेपासून कडेपर्यंत 50 मिमी होते, तर ब्रिजवर तारांचं अंतर 52.5. ब्रिजसाठी 52-53 चा पिकअपही मिळतो. कडेच्या दोन तारा पोलच्या बाहेरून गेल्या म्हणून आवाजात फार फरक पडत नाही, त्यावरून गळा काढू नये. जुन्या गिब्सनच्या धाटणीत दोन्ही पिकअपचं अंतर सारखंच असायचं, त्यामुळे एवढ्यावरून फसवणूक ठरत नाही. पण ब्रिज म्हणून दिलेला पिकअप या ब्रिजच्या मापाचा नाही, हे त्यातून कळतं.

जुन्या मालात तर याहून मोठी रक्कम बुडते. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी बनवलेल्या हंबकरचं पेटंट 1955 मध्ये मागितलं गेलं आणि 1959 मध्ये मिळालं. "पेटंट अप्लाइड फॉर" या स्टिकरवरून पीएएफ हे नाव पडलं. पुढे स्टिकरवर पेटंट क्रमांक आला तो 2,737,842, आणि तो लेस पॉल यांच्या टेलपीसच्या पेटंटचा होता. हंबकरचा खरा क्रमांक 2,896,491. क्रमांक चुकीचा म्हणून खरा पिकअप नकली ठरवणारे आणि नुसता स्टिकर बघून नकलीला खरा समजणारे, दोघेही आहेत. स्टिकर कुठेही छापून मिळतो. अमेरिकेत किंवा युरोपात राहून जुनी गिटार घेणाऱ्यांनी बॉबिन, स्क्रू, प्लेट आणि डाग मूळचे आहेत का हे जाणकाराकडून उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. "अगदी 8.2 के आहे, म्हणजे अस्सल" हे तर कधीच ऐकू नका. त्या काळी वाइंडिंग इतकं सैलसर होतं की अस्सल पीएएफ 7 पासून 9 केपर्यंत सापडतात.

ॲडव्हान्स देण्याआधी तारेची जाडी, मॅग्नेट, कव्हर आणि प्लेटचा धातू, वायरची संख्या, पोलचं अंतर, ओहम आणि हेन्री हे सगळं बिलावर किंवा निदान व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. हेन्री म्हटल्यावर समोरचा गोंधळला तर तेवढ्यावरूनच बरंच कळतं. पार्सल उघडताना आणि मोजताना व्हिडिओ करा, मीटरचा आकडा आणि पिकअप एकाच चौकटीत यायला हवेत. आणि सोल्डरिंगची घाई नको. क्रोकोडाइल क्लिपने पिकअप जॅकच्या वायरला जोडा, दुसऱ्या कुठल्याही गिटारच्या स्टीलच्या तारांवर उपडा धरा आणि वाजवून बघा. आवाज किती भरीव आहे, गेनवर शिट्टी येते का, टकटक केल्यावर ॲम्पमधून किती ऐकू येतं, सगळं कळतं आणि वायरला कात्रीही लागत नाही.

कात्री हाच कळीचा मुद्दा. या जोडीच्या केबल गिटारमध्ये बसवताना अर्ध्या कापल्या गेल्या होत्या, आणि विक्रेत्याने त्यावरच बोट ठेवलं: वापरलेला माल परत नाही. बिलावर मात्र अल्निको आणि जर्मन सिल्व्हर स्पष्ट लिहिलेलं होतं. मालाचं वर्णन खोटं असेल तर वायर कापली म्हणून ग्राहकाची बाजू संपत नाही. ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक त्यासाठीच आहे. तोवर काळी पट्टी, ओरखडा मारलेलं कव्हर आणि केबलचे कापलेले तुकडे एका डबीत घालून, बिलाची प्रत वर ठेवून, डबी बंद करून ठेवायची.