क्यूएमू ९.०: डिस्कवरचं मोठं लॉक गेलं, चढवण्याआधी ड्रेन तपासा

उद्यमबागेतल्या फाउंड्रीचा ईआरपी, निपाणीतल्या पतसंस्थेचा हिशेब, अथणीकडच्या साखर कारखान्यात वजनकाट्याला जोडलेला सर्व्हर: अशा बऱ्याच ठिकाणी आता एका मशीनवर प्रॉक्समॉक्स ही प्रणाली बसवून त्यात तीन-चार व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, चालवल्या जातात. त्या व्हीएमना डिस्क दाखवण्याचं काम क्यूएमू हे त्यातलं सॉफ्टवेअर करतं. एप्रिल २०२४ च्या ९.० आवृत्तीत त्याच्या डिस्क कोडमधलं एआयओ-कॉन्टेक्स्टचं लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला डेटा हाताळू देणारं कुलूप) पूर्णपणे काढलं गेलं. प्रॉक्समॉक्स ८.३ मध्ये ९.०.२ आहे, त्यामुळे अपग्रेड केलं की हा बदल न मागताही घरात येतो.

आमचं मत सरळ आहे. बदल योग्य आहे, कामही शिस्तीत झालं आहे आणि आवृत्ती घेण्यासारखी आहे. मात्र आयओथ्रेड (मुख्य थ्रेडपासून वेगळा, डिस्कचं काम करणारा थ्रेड) चालू असलेल्या मशीनवर बॅकअप, स्नॅपशॉट आणि रिसेट यांची चाचणी केल्याशिवाय ती चढवू नये.

लॉक का काढलं ते आधी बघू. प्रत्येक इव्हेंट लूपला (आलेली कामं उरकत राहणारं चक्र, क्यूएमूत त्यालाच कॉन्टेक्स्ट म्हणतात) एक मोठं रिकर्सिव्ह, म्हणजे त्याच थ्रेडला पुन्हा घेता येणारं, लॉक असायचं. आयओथ्रेडमध्ये चालणाऱ्या डिस्कला मुख्य थ्रेडने हात लावायचा तर आधी ते घ्यावं लागे. दोन अडचणी होत्या. एक म्हणजे डिस्कच्या वेगवेगळ्या क्यू (रिक्वेस्टच्या रांगा) वेगवेगळ्या थ्रेडवर टाकायच्या झाल्या तर ‘एक डिस्क, एक लॉक’ हा हिशेबच जुळत नाही. दुसरी अडचण जास्त त्रासाची होती. काम संपायची वाट बघताना कोड लॉक एकदाच सोडायचा. ते दोनदा घेतलेलं असेल तर आयओथ्रेड बाहेर ताटकळत राही आणि सगळंच अडकून पडे.

काढण्याची पद्धत वाखाणण्यासारखी आहे. ज्या डेटाला खरोखर संरक्षण हवं होतं त्याची सोय आधी केली. मग लॉक घेणारी आणि सोडणारी फंक्शनं नुसती पोकळ केली, आणि त्यांना बोलावणाऱ्या ओळी त्यानंतर काढल्या. त्यामुळे बिघाड शोधताना बायसेक्ट (कोणत्या बदलापासून बिघडलं ते शोधण्याची पद्धत) नेमक्या पोकळ केलेल्या कमिटवर थांबतो, शेकडो ओळींच्या साफसफाईवर नाही. स्वतःचे पॅच सांभाळणाऱ्यांनी हा क्रम जसाच्या तसा उचलावा.

धोका आहे तो लॉक नकळत सांभाळत असलेल्या गोष्टींत. व्हर्टआयओ-ब्लॉक या आभासी डिस्कच्या प्रकाराचंच घ्या. डिस्क भरली की अडलेल्या रिक्वेस्ट एका यादीत ठेवल्या जातात. यादीत टाकतो आयओथ्रेड आणि व्हीएम परत चालू झाल्यावर ती उचलतो मुख्य थ्रेड. आता या यादीला स्वतःचं छोटं लॉक (म्यूटेक्स) आहे. स्कझी या दुसऱ्या प्रकारात वेगळा मार्ग निवडला: रिक्वेस्टच्या यादीला एकाच थ्रेडने हात लावायचा, बाकीच्यांनी त्या थ्रेडकडे काम पाठवायचं. पण पाठवलेलं काम चालू होण्याआधीच डिस्क दुसऱ्या कॉन्टेक्स्टमध्ये गेली तर? ही फट लॉक गेल्यावर उघडी पडली. दुरुस्तीत, पाठवलेलं काम ‘चालू रिक्वेस्ट’मध्ये मोजलं जातं, त्यामुळे ते पार पडेपर्यंत कॉन्टेक्स्ट बदलूच शकत नाही.

परीक्षण करताना सगळ्यांत जास्त वेळ ड्रेनवर घालवावा. ड्रेन म्हणजे चालू रिक्वेस्ट संपू देणं आणि नव्या थोपवून धरणं. बॅकअप सुरू होताना, स्नॅपशॉट घेताना, डिस्क काढताना ते होतंच. ‘चालू रिक्वेस्ट’चा आकडा अॅटॉमिक (लॉकशिवाय सुरक्षितपणे बदलणारा) केला म्हणजे काम झालं, असं समजणं इथे महागात पडतं. ड्रेन चालू आहे हे पाहून एक रिक्वेस्ट रांगेत बसायला निघाली. तिने आधी आकडा कमी केला आणि नंतर रांगेचं लॉक घेतलं, तर मधल्या क्षणात मुख्य थ्रेड आकडा शून्य बघून ड्रेन आटोपतो आणि रांगेतल्या सगळ्यांना उठवून निघून जातो. मागून बसलेल्या रिक्वेस्टला उठवायला कोणीच उरत नाही. म्हणून आधी रांगेचं लॉक, मग आकडा कमी. मूळ कोडमध्ये हाच क्रम आहे. तुमच्या पॅचमध्ये उलटा झाला तर साध्या टेस्टमध्ये तो बहुतेक दिसणारही नाही.

आता चाचणी. जुन्या मशीनवर ४ कोअर आणि ८ जीबी रॅमची लिनक्स व्हीएम करा, कंट्रोलर ‘व्हर्टआयओ स्कझी सिंगल’ ठेवा आणि आयओ थ्रेडची खूण करा. आतमध्ये फिओ या डिस्क तपासणाऱ्या साधनाने रँडम वाचन-लेखनाचा भार लावा: ब्लॉक ४ केबी, आयोडेप्थ ३२, डायरेक्ट चालू, व्हेरिफाय सीआरसी३२सी. व्हेरिफाय नसेल तर फक्त हँग सापडतो, खराब झालेला डेटा नाही.

भार चालू असतानाच होस्टवरून (मूळ मशीनवरून) बॅकअप सुरू करून मध्येच रद्द करा, आणि हे रात्रभर लूपमध्ये चालू द्या. नंतर गेस्टमधून (व्हीएममधून) एसजी-रिसेट कमांडने डिस्क रिसेट करत राहा. व्हर्टआयओ स्कझीवर उत्तराची मुदत उलटली तरी लिनक्स गेस्ट स्वतःहून अॅबॉर्ट पाठवत नाही, टायमर पुन्हा सुरू करतो, त्यामुळे हा रस्ता असा मुद्दामच तपासावा लागतो. तिसरी चाचणी डिस्क भरण्याची. होस्टवर २ जीबीच्या पार्टिशनवर ५ जीबीची क्यूकाऊ२ (लिहू तशी वाढणारी डिस्क) फाइल ठेवा आणि ती भरू द्या. प्रॉक्समॉक्समध्ये आयओ-एरर दिसेल. पार्टिशन वाढवून रिझ्युम करा. फिओने एकही चुकीचा ब्लॉक दाखवता कामा नये.

अडकलं तर लगेच रीस्टार्ट करू नका, पुरावा जाईल. डीबग सिंबॉलचं पॅकेज आधीच बसवून ठेवा आणि जीडीबी या डीबगरने सगळ्या थ्रेडचा बॅकट्रेस (कोण कोडमध्ये कुठे थांबलंय ते) काढा. मुख्य थ्रेड ड्रेनमध्ये थांबलेला असेल तर एखादी रिक्वेस्ट संपतच नाहीये. गेस्ट वाट बघतोय आणि आयओथ्रेड मात्र पोलमध्ये (नव्या कामाची वाट बघत) झोपलाय, तर काम आल्याचं नोटिफिकेशन हरवलं. ड्रेननंतर ते परत चालू न होण्याचा दोष आधीच्या आवृत्त्यांत होता आणि ९.० मध्ये दुरुस्त झाला. आयओथ्रेड रिकामा असून सीपीयू १०० टक्के खात असेल तर पोलिंग थांबत नाहीये.

वेगाचा फायदा? डिस्क जुन्या साटा एसएसडीवर असेल तर फारसा जाणवणार नाही. एका डिस्कच्या क्यू अनेक आयओथ्रेडवर वाटण्याची सोय ९.० मध्ये व्हर्टआयओ-ब्लॉकलाच आहे, व्हर्टआयओ-स्कझीला ती १०.० मध्ये मिळाली. एनव्हीएमई आणि भरपूर कोअर असतील तरच त्यामागे लागावं.

अपग्रेडची वेळही बघायला हवी. गळीत हंगामात वजनकाट्याचा सर्व्हर तासभर बंद पडला तरी उसाच्या ट्रॅक्टरची रांग रस्त्यावर येते, म्हणून कारखान्यांनी हे काम हंगाम संपल्यावर घ्यावं. पतसंस्थांनी ३१ मार्चच्या आसपास हात लावू नये. आणि चाचणी करायला दुसरं मशीनच नसेल, तर चढवण्याआधी व्हीएम बंद करून पूर्ण बॅकअप घ्यावा, आयओ थ्रेडची खूण काढून सुरुवात करावी आणि दोन-चार रात्रींचे बॅकअप नीट पार पडल्यावर एकेका डिस्कला ती परत लावावी.