वरच्या जबड्यात हाड भरून बसवलेल्या दोन दाढा : दहा महिन्यांनंतर

उजवीकडच्या वरच्या दोन दाढा मी २०१५ साली काढल्या. दुखत होत्या, काढल्या, विषय संपला असं वाटलं. पुढची आठ वर्षं डाव्या बाजूनेच जेवले. २०२३च्या दिवाळीनंतर सोलापुरात इम्प्लांटसाठी (हाडात स्क्रू बसवून त्यावर लावायचा कृत्रिम दात) सीबीसीटी म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन केला, तेव्हा डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं : त्या जागी हाडाची उंची साडेतीन मिलिमीटर, आणि बसवायचा स्क्रू दहा मिलिमीटरचा. दाढ गेली की तिथल्या हाडाला काम उरत नाही, ते झिजतं. वरच्या जबड्यात शिवाय गालामागची सायनसची पोकळी हळूहळू खाली उतरते. म्हणजे माझं हाड दोन्हीकडून कमी होत होतं. म्हणून स्क्रूच्या आधी तिथे हाड भरावं लागणार होतं. दाढ काढताना हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

भरायचं म्हणजे नेमकं काय भरायचं, हे मी लगेच विचारलं. मी माळकरी आहे. डॉक्टरांनी न लपवता सांगितलं की दातांच्या कामात फार वापरले जाणारे कण गाईगुरांच्या हाडापासून बनतात. त्यातला सगळा सेंद्रिय भाग काढून फक्त खनिज ठेवलेलं असतं. दात्यांच्या म्हणजे माणसाच्या हाडाचे कणही मिळतात, आणि कॅल्शियम फॉस्फेटचे कृत्रिमही. गुरांच्या हाडाचं खनिज शरीरात फार सावकाश विरतं, त्यामुळे भरलेली उंची चांगली टिकते. कृत्रिमांतले काही प्रकार लवकर विरतात. मी कृत्रिमच घेतले, त्यात माझ्याच जबड्याचं खरवडलेलं थोडं हाड मिसळलं. ज्यांना गुरांचं चालतं त्यांनी ते खुशाल घ्यावं. पण विचारल्याशिवाय हे बहुधा कोणी सांगत नाही, म्हणून सही करण्याआधी विचाराच.

माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीएवनसी) ८.१ होती. ती ६.९ वर येईपर्यंत डॉक्टरांनी हात लावला नाही. त्यामुळे शस्त्रक्रिया एप्रिल २०२४ मध्ये झाली. भूल फक्त जागेवरची. हिरडी बाजूला करून हाडात छोटी खिडकी पाडतात, आतला सायनसचा पडदा अलगद वर उचलतात आणि खालच्या जागेत कण भरतात. हा पडदा कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ, एक मिलिमीटरहूनही कमी. माझा एका जागी थोडा फाटला. आधी काढून ठेवलेल्या माझ्याच रक्तातून तयार केलेला फायब्रिनचा (रक्त गोठताना बनणाऱ्या प्रथिनाचा) तुकडा त्यावर लावून तो झाकला. दुखलं नाही, पण दीड तास तोंड उघडं ठेवून जबडा भरून आला.

खरी परीक्षा घरी आल्यावर. तिसऱ्या दिवशी सूज सर्वांत जास्त, डोळ्याखाली निळं-पिवळं. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, दाबायची नाही, स्ट्रॉने काही प्यायचं नाही. आमच्या घरात मिरचीची फोडणी पडली की सगळे शिंकतात, म्हणून सुनेने तीन आठवडे फोडणी मागच्या अंगणात शेगडीवर दिली. कपालभाती बंद, पूजेतला शंख मुलाकडे. विमानालाही मनाई होती, म्हणून बंगळूरला लेकीकडे उद्यान एक्स्प्रेसने गेले. पाचव्या दिवशी रुमालावर रव्यासारखे दोन-तीन पांढरे कण दिसले आणि माझे हातपाय गळाले. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी बोलावून तपासलं. पडदा फाटला होता त्या जागेतून ते निसटले होते, बाकी सगळं जागच्या जागी होतं. असं काही दिसलं तर वाट बघू नका, तडक फोन करा. टाके दहाव्या दिवशी निघाले. हिरडीजवळचा बधिरपणा मात्र दोन महिने रेंगाळला.

मग आठ महिने थांबणं. बाहेरून काहीच दिसत नाही, ओळखीचे विचारतात ‘झालं का?’ आणि सांगायला काही नसतं. डिसेंबरच्या स्कॅनमध्ये उंची साडेअकरा मिलिमीटर आली. स्क्रू बसवणं त्या मानाने सोपं, दुसऱ्या दिवशी मी पोळ्या लाटत होते. कॅपा एप्रिल २०२५ मध्ये लागल्या. खर्च : हाड भरण्याचे ३८ हजार, दोन इम्प्लांट कॅपांसकट ७० हजार, स्कॅन वेगळे.

आता दोन्ही बाजूंनी जेवते. कडक भाकरी, शेंगाचटणी, भिजवलेले हरभरे, सगळं चालतं. एक फरक राहतो. खऱ्या दाताच्या मुळाभोवती जो मऊ पट्टा असतो तो इथे नाही, त्यामुळे किती जोराने चावतोय ते नीट कळत नाही. भातात खडा आला तर तो आधी कानाला कळतो. म्हणून तांदूळ पूर्वीपेक्षा जपून निवडते. दोन कॅपांच्या मध्ये अन्न अडकतं. रोज रात्री बारीक ब्रश फिरवावाच लागतो, एक दिवस चुकला तर हिरडी सुजते.

गेल्या महिन्यात यांची वरची दाढ काढायची वेळ आली. खुर्चीवर बसण्याआधीच मी डॉक्टरांना विचारलं, ‘खड्डा आत्ताच भरून ठेवता येईल का?’ त्यांनी एक्स-रे पुन्हा उजेडाला धरला, म्हणाले येईल, आणि त्याच बैठकीत भरलाही.