ऑटो-एसकेलर्न: बेदाण्याच्या डेटावर चालवून बघितलं

सांगलीत बेदाण्याच्या डेटाला काय तोटा नाही, रंग, आकार, ओलावा, त्यावरनं प्रत ओळखायची होती, आणि रँडम फॉरेस्ट घ्यायचं का एसव्हीएम (दोन्ही डेटावरनं शिकून वर्ग ओळखायच्या पद्धती) यावर मित्राशी वाद घालत बसण्यापेक्षा म्हटलं ऑटो-एसकेलर्न हे फुकटचं टूल लावून बघू, डेटाला कुठली पद्धत नि सेटिंग चालेल ते हे आपलं आपण शोधतं. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठातल्या लोकांनी 2015 ला आणलंय. भारी गोष्ट म्हणजे हे शून्यापासून चाचपडत नाही, आधी तुमच्या डेटाची कुंडली काढतं, ओळी किती, वर्ग (इथं प्रती) किती, रिकाम्या जागा किती, मग मूळ आवृत्तीत साठवलेल्या 140 जुन्या डेटासेटपैकी ज्यांच्याशी जुळतं तिथं जे सेटिंग चाललेलं तेच आधी पळवतं, डीफॉल्टला असे 25, पुढचा शोध बायेशियन पद्धतीनं, म्हणजे आधीच्या निकालांवरनं पुढं काय पळवायचं ते ठरवत. डीफॉल्ट वेळ एक तास. शेवटी एकच मॉडेल देत नाही, चांगल्या मॉडेलांची मोट बांधून देतं. प्रती बऱ्यापैकी ओळखल्या, हलक्या मालात जरा गोंधळ.

विंडोजवर थेट चालत नाही, लिनक्स लागतं, इन्स्टॉल करताना डोकं उठतं राव. आणि यार्डातल्या हळदीच्या भावाला तसंच लावू नका, डीफॉल्टला ओळी पिसून तपासतं, तारखांचा क्रमच राहत नाही, पुढचे भाव बघून मागचे ओळखल्यासारखं होतं, मग स्कोअर उगाच चकाचक दिसतो. पाचपैकी चार स्टार, एक इन्स्टॉलपायी कापला.